काखेतला पट

२९ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. बस चालवत होतो तेव्हा लॉगबुक होतं, म्हणून डोकं सरळ रस्त्यावर असायचं. रिटायर झाल्यापासून ते कुठल्याही गल्लीत शिरतं.

निमित्त मिर्सिनीचं. मिर्सिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, प्रोकोपीची बायको. सकाळी चर्चहून परतताना दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "इग्नाती, पाद्री म्हणतायत, तीन वर्षं होत आली. संत दिमित्रीच्या सणानंतरच्या शनिवारी प्रोकोपीला बाहेर काढायचं. तू मोठा, पेटीचं तू बघ." मी म्हटलं, बरं. आमच्या बेटावर जमीन थोडी, मरणारे जास्त. तीन वर्षांनी हाडं काढायची, वाईनने धुवायची, पेटीत घालून चर्चमागच्या अस्थिघरात ठेवायची, आणि खड्डा पुढच्याला द्यायचा. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

ती गेल्यावर कपाटावर नजर गेली. पट तिथेच होता.

तावलीचा, म्हणजे आम्हा ग्रीकांच्या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा पट. वडिलांनी अक्रोडाच्या लाकडाचा केलेला. मिटला की चपटी पेटी, उघडला की दोन भावांचं भांडण. फासे आणि सोंगट्या आतच. आमच्याकडे जो हरतो त्याच्या काखेत जिंकणारा पट खोचतो आणि म्हणतो, "जा, शिकून ये." मग हरणाऱ्याने पट काखेत घेऊन सगळ्या गावासमोरून घरी जायचं, आणि पुन्हा खेळायची छाती झाली की तोच पट घेऊन यायचं. आई म्हणायची, जिंकणाऱ्याला पट कशाला हवा? प्रॅक्टिस हरणाऱ्याला हवी.

पट बहुतेक माझ्याच घरी असायचा. प्रोकोपीच्या घरात ठेवायला नीट जागा नव्हती.

शेवटचा सामना तो जिंकला. निव्वळ फाशांच्या जोरावर. त्याचे कायमच पौ बारा. काखेत पट खोचला, म्हणाला, शिकून ये. मी शिकायला घरी बसलो. तो रोज कॉफीवाल्या दुकासबरोबर निरोप पाठवायचा, "काय, डॉक्टरेट करतोय का?" मी उत्तर दिलं नाही. तयारी पूर्ण झाल्याशिवाय उतरायचं नाही हे माझं तत्त्व आहे. त्याच आठवड्यात ऑलिव्ह झोडता झोडता तो झाडाखाली जरा बसला, आणि बसलाच.

तेव्हापासून पट कपाटावर आहे. म्हणजे खरं तर माझ्या काखेत आहे.

संकल्प: त्या शनिवारी प्रोकोपी बाहेर आला की पट त्याच्या काखेत खोचायचा. त्याआधी त्याला हरवायचं. नियमाने.

दुपारी सगळं गाव झोपलं की बंद पटात फासे वाजतात. हे तीन वर्षं चालू आहे. उंदीर असावेत. बंदोबस्त करायचा राहून जातो.

३० सप्टेंबर, सोमवार

मेलेल्या माणसाशी सामना कसा खेळायचा, हा अडाण्यांना पडणारा प्रश्न आहे. सोपं आहे. उजवा हात मी, डावा हात प्रोकोपी. पांढऱ्या सोंगट्या माझ्या, लाल त्याच्या. दोन्ही हातांनी जीव तोडून खेळायचं. डावा हात पूर्ण निःपक्षपाती आहे. तीस वर्षं त्याने स्टिअरिंग धरलं, कधी कुणाची बाजू घेतली नाही.

सात गुणांचा सामना. हरलो.

कारण: खिडकी डाव्या बाजूला आहे. त्याला उजेड जास्त मिळाला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

टेबल फिरवलं. हरलो.

उंदरांसाठी पिंजरा लावला, आत चीज. दुपारी आवाज झाला, चीज तसंच. नीट कान देऊन ऐकलं. आधी खडखड, मग थोडं थांबणं, मग टक्. उंदीर असे थांबत नाहीत. प्रोकोपी थांबायचा. फासे मुठीत धरून त्यांच्यावर फुंकर घालायचा, "चल गं बाई" म्हणायचा, आणि मगच टाकायचा. बस सुटायची वेळ झाली तरी याची फुंकर चालूच.

उंदरांच्याही काही सवयी असू शकतात.

तावलीचे डाव तीन तऱ्हेचे. आज हरलो ते दुसऱ्या प्रकारच्या डावात. त्यात सोंगटी मारायची नसते, तिच्यावर बसून तिला दाबून धरायचं असतं. सुरुवातीच्या घरात शेवटी उरलेल्या सोंगटीला आई म्हणतात. आई दाबली गेली की डाव दुप्पट हरला. डाव्या हाताने माझी आई दाबली. प्रोकोपी आयुष्यभर तेच करत आला.

खऱ्या आईबद्दल मी काही बोलत नाही. ती त्याच्याकडे झुकलेली होती हे गावाला माहीत आहे. तव्यावरचा मोठा मासा त्याला. थंडीत भट्टीजवळची जागा त्याला. मरताना मला जवळ बोलावून म्हणाली, "प्रोकोपीला सांभाळ." इग्नातीला सांभाळ असं त्याला कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना संपल्यावर पाद्री फोतींना गाठलं. सहज विचारतो आहे असं दाखवून विचारलं, हाडांच्या पेटीत एखादी वस्तू ठेवली तर चालते का? म्हणजे समजा, तावलीचा पट?

ते म्हणाले, "पेटीत हाडं जातात, इग्नाती. खेळ नाही. उद्या शिकारी बंदूक आणतील, कोळी होडी आणतील. मी अस्थिघर चालवतो, गोदाम नाही."

मी म्हटलं, आमचा हिशोब अर्धवट राहिलाय. त्यावर म्हणाले, "तुझा राहिलाय. त्याचा पूर्ण झाला. जा, मेणबत्ती लाव."

लावली. विझली. परत लावली. परत विझली. तिथे वारा येतो, खिडकीची काच फुटकी आहे, दोनदा तक्रार करून झाली आहे. तिसऱ्यांदा लावताना हळूच म्हटलं, "बरं बाबा, तुझी पाळी." तेव्हा मात्र राहिली.

पाद्र्यांना या विषयातलं काही कळत नाही. दुसरा मार्ग शोधणार.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मार्ग सापडला. अफलातून आहे. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटतं.

पट घेऊन सुतार थेओफानीकडे गेलो. म्हटलं, हाडांची पेटी कर, अक्रोडाची. लांबी-रुंदी या पटाएवढी, जराही इकडेतिकडे नको. उंची तू ठरव. म्हणजे तळाला पट चपखल बसेल, वर कापड, त्यावर प्रोकोपी. पाद्र्यांना पत्ताही लागणार नाही. काखेत खोचता आला नाही तर नाही, पट खाली दाबून तर राहील! मी तीन चाली पुढचं बघतो, ते हे असं.

थेओफानीने पट उलटसुलट केला. म्हणाला, "भावाच्या पेटीला तावलीचं माप? दादा, बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं, मांडीचं हाड मावतं का? म्हणाला, मावतं. म्हटलं, मग कर, आणि डोकं चालवू नकोस. मापासाठी पट त्याने ठेवून घेतला.

चार-पाच दिवस घरात पट नाही. दुपारी एकदम शांत. आता छान झोप लागेल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

लागली नाही. पलंग जुना झालाय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पट घरी परत. लगेच सामना. हरलो. प्रवासाचा शीण.

शास्त्रशुद्ध तयारी हवी. मोबाइलवर तावली डाउनलोड केली. लेव्हल 'सोपी' ठेवली. जिंकलो! परत जिंकलो! सलग जिंकत गेलो, कॉफी उतू गेली तरी उठलो नाही. मला कायम वाटायचं की माझ्या खेळात खोट नाही, समोरच्या माणसात आहे. आज सिद्ध झालं.

मग 'मध्यम' लावली. हरलो. स्क्रीनवर आलं: पुन्हा प्रयत्न करा.

म्हणजे तेच ते. जा, शिकून ये. फक्त जरा सभ्य भाषेत.

ॲप काढून टाकलं. दुपारी मोबाइल उशाशी ठेवून पडलो तर त्यातून फासे वाजले. खडखड, थोडं थांबून, टक्. ॲप काढलेलं असताना. मोबाइल उचलून मोरीत ठेवला. मग पट वाजायला लागला.

उंदरांनी कंटाळा आणलाय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

खऱ्या माणसाशी प्रॅक्टिस हवी म्हणून तीन वर्षांनी दुकासच्या कॉफीहाउसमध्ये गेलो. आमचं टेबल तिथेच, कोपऱ्यातल्या शेगडीजवळ. बाकी सगळं भरलेलं, आमच्या दोन खुर्च्या रिकाम्या. विचारलं, इथे कुणी बसत नाही का? दुकास म्हणाला, "प्रोकोपीच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो." मी हलवून पाहिली. चांगली घट्ट होती.

दुकास दोन कॉफ्या घेऊन आला. एक बिनसाखरेची, माझी. दुसरी भरपूर गोड. दुसरी टेबलावर ठेवल्यावर तो तिच्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, राहू दे.

त्याच्याशी खेळलो. हा माणूस मधे उठून गिऱ्हाइकांना ऊझोचे पेले भरून देत होता, टीव्हीवरच्या फुटबॉलवर ओरडत होता, बायकोशी फोनवर भांडत होता, आणि जाता जाता एका हाताने फासे टाकत होता. असल्या माणसासमोर एकाग्रता कशी होणार? हरलो. त्याने स्वतःचा पट मिटला आणि सवयीने माझ्या काखेत खोचायला हात पुढे केला. मी म्हटलं, नको, आधीच एक आहे. सगळे हसतील असं वाटलं. कुणी हसलं नाही.

निघताना दुकास म्हणाला, "तेव्हा यायचं होतंस, दादा. तो आठवडाभर सोंगट्यांशिवाय बसून होता. कुणी बोलावलं तर म्हणायचा, थांबा रे, माझा भाऊ येतोय."

दुकासला स्ट्रॅटेजी कळत नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. घाबरलेलो नाही.

सामना मधेच थांबवून जरा पडलो. पट टेबलावर उघडा. दोन कप कॉफी, कारण दुकासकडे पाहिल्यापासून हात दोन कप करतो. उठलो तेव्हा एक लाल सोंगटी पुढे सरकलेली. माझ्या आईवर बसलेली. आणि दुसरा कप अर्धा.

मांजर कॉफी पीत नाही. विशेषतः गोड.

बहुतेक मीच हलवली असेन. झोपेत माणूस चालतो, तसा खेळतही असेल. तरी रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "प्रोकोपी, हे चीटिंग आहे." खोलीत त्याच्या तंबाखूचा वास होता. मी सिगारेट ओढत नाही. शेजारी ओढत असावेत. शेजारी अथेन्सला आहेत.

मान थंडगार पडली होती. पण खरं सांगायचं तर उठून खिडकी उघडावीशी वाटली नाही. वास निघून गेला असता.

तेवढ्यात मिर्सिनी भरलेली कोबीची पानं घेऊन आली. दोन कप पाहिले, मांडलेला पट पाहिला. सरळ त्याच्या खुर्चीत बसली, गाल हातावर टेकून डाव बघत राहिली, आणि म्हणाली, "तो इथे खेळला नसता. तो इथे खेळला असता." एक लाल सोंगटी उचलून तिने दुसऱ्या घरात ठेवली. माझ्या सगळ्या वाटा बंद!

मी विचारलं, तुला येतं?

"येतं? रोज संध्याकाळी त्याला हरवून मग जेवायला वाढायचे."

मी म्हटलं, कशावर खेळायचात? पट तर माझ्याकडे असायचा.

म्हणाली, "पट कायम तुझ्याकडेच, मग काय करणार? जेवणाच्या टेबलावर खडूने घरं आखली. त्याचे राजमे, माझे छोले. तू पट ठेवून घ्यायचास तेव्हा तो उठून उठून खिडकीत जायचा. मला म्हणायचा, मिर्सिनी, तुझ्याशी खेळण्यात मजा नाही. तू मनाला लावून घेत नाहीस."

बायकोसमोर नवरे मुद्दाम हरतात. सर्वांना माहीत आहे. मी तिला तसं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "पानं गरम आहेत तोवर खा."

२६ ऑक्टोबर, शनिवार

संत दिमित्रीचा सण. सणाच्या दिवशी खेळू नये. खेळलो. हरलो. सणाच्या दिवशी खेळू नये.

२८ ऑक्टोबर, सोमवार

राष्ट्रीय दिन. शाळेच्या संचलनाचे ढोल. हरलो. ढोलांमुळे लक्ष विचलित. विशेष म्हणजे डाव्या हाताचं झालं नाही.

संकल्प: येत्या शनिवारपर्यंत एकदा. फक्त एकदा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो!

सविस्तर लिहितो, कारण हा ऐतिहासिक दिवस आहे. सकाळी थेओफानीने पेटी आणून दिली. अशी सुबक की मलाच आत जाऊन पडावंसं वाटलं. पट तळाशी ठेवून पाहिला. चपखल.

मग शेवटचा सामना. सहा-सहा बरोबरी. शेवटच्या डावात मला एक फेक हवी होती आणि पाळी डाव्या हाताची. त्याला जिंकायला दोन्ही फासे सहाच हवे होते. डाव्या हाताने मुठीवर फुंकर घातली. मी घातली नाही, त्यानेच तोंडाकडे नेली. टाकले. एक फासा सहा. दुसरा घरंगळत जाऊन कॉफीच्या कपाला टेकला आणि तिरका राहिला. वरच्या बाजूला सहा दिसत होता हे खरं. पण तिरका फासा बाद, हा जगभरचा नियम आहे. सपाट पडलाच नाही तर सहा म्हणताच येत नाही. पुन्हा टाकायला लावले. डाव्या हाताने जरा वेळ घेतला. पडले एक आणि दोन.

मग मी टाकले आणि जिंकलो. स्वच्छ, निर्विवाद विजय.

घरात कुणीतरी लांबलचक सुस्कारा टाकला. लाकूड असावं. थंडी सुरू झाली की दारं-खिडक्या आवाज करतात.

आरशासमोर प्रॅक्टिस केली. "जा, शिकून ये." पहिल्यांदा फार उर्मट वाटलं. दुसऱ्यांदा रडका आवाज आला, तो तर मुळीच चालणार नाही. हसत, मोठ्या भावाला शोभेल असं म्हणायचं. त्याचं म्हणणं तसंच असायचं, हे आज लक्षात आलं. तो कधी हिणवून म्हणायचा नाही. शिकून ये. ये, म्हणायचा.

२ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

सकाळी पेटी घेऊन स्मशानात गेलो. तळाशी पट, वर कापड. मिर्सिनी काळ्या कपड्यांत, हातात वाईनची बाटली आणि टॉवेल. पाद्री फोती, खणणारा, आम्ही दोघं. बाकी कुणी नको असं तिनेच सांगितलं होतं.

खणणारा खाली उतरला. मला एकच धास्ती होती की अजून मातीला मिळाला नसेल. तसं झालं तर परत पुरतात, गाव कुजबुजतं की माणूस काही मनात ठेवून गेला. पण पहिलं हाड वर आलं आणि पाद्र्यांनी क्रूसाची खूण केली. मेणासारखं पिवळं, लख्ख. अशी हाडं चांगल्या माणसाची असतात म्हणतात. म्हणजे याही परीक्षेत पहिला.

कवटी मिर्सिनीने मांडीवर घेतली. "आलास का रे," म्हणाली. बाळाला न्हाऊ घालतात तशी वाईनने धुतली आणि कपाळाचा मुका घेतला. मी तिकडे बघत नव्हतो.

मग पेटी उघडून कापड नीट करायला गेली आणि तिच्या हाताला पट लागला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्याचा आहे. काल हरलाय तो. पाद्री फोती एकदम थडग्यांवरची नावं वाचायला लागले. मिर्सिनीने पट बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. रागावली नाही. म्हणाली, "दे मग. त्यालाच दे."

खणणाऱ्याने खालून एक लांब हाड वर केलं. म्हणाला, "उजवा हात." मिर्सिनीने धुऊन माझ्यासमोर धरला.

त्याला काख नव्हती.

मी याचा विचारच केला नव्हता. सगळ्या चाली पाहिल्या होत्या, ही पाहिली नाही. पट खाली ठेवून तो हात घेतला. ओला, आणि ऑलिव्हच्या वाळक्या फांदीएवढा हलका. मागोमाग बोटांची हाडं आली, मूठभर, फाशांएवढी. तीही मिर्सिनीने माझ्या तळहातावर ओतली. आरशासमोर पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. नकळत मूठ तोंडाजवळ गेली आणि मी तिच्यावर फुंकर घातली. मग ती बोटं हळूच पेटीत ठेवली. टाकली नाहीत.

पेटी भरली. पटाला जागा नव्हती. झाकण लागलं.

अस्थिघर वर चर्चमागे. वाट गावातून, सगळ्या पायऱ्या, आणि माझे गुडघे बसने खाल्लेले. मी दोन्ही हात पुढे केले तर मिर्सिनी म्हणाली, "तसं नको, पडशील. एका हाताने कठडा धर." आणि तिने पेटी उचलून माझ्या काखेत दिली.

अगदी बरोबर बसली. बसणारच. माप माझंच होतं.

"जा," ती म्हणाली, "सांभाळून ने."

निघालो. दुकासच्या कॉफीहाउससमोर आलो तेव्हा नेहमीची गर्दी होती. या रस्त्याने मी जन्मभर काखेत पट घेऊन गेलो आहे. दरवेळी कुणीतरी ओरडायचं, "काय इग्नाती, परत शिकवणी?" आणि मागून प्रोकोपीचं ते गडगडाटी हसणं. आज खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. दुकासने टीव्ही बंद केला. कुणी ओरडलं नाही. एकाने तरी ओरडायला हवं होतं.

पायरी चढली की आतून वाजायचं. खडखड. थोडं थांबून, टक्. मी म्हटलं, ऐकतोय रे. पुढच्या वळणावर पाय थांबले. गुडघ्यांमुळे नाही. मला तो फासा आठवला, कपाला टेकलेला. सहा होता तो. सपाट असो नाहीतर तिरका, सहाच होता. तसं मी पेटीला सांगितलं. "सहा होता, प्रोकोपी. तूच जिंकलास." त्यानंतर रस्ता नीट दिसत नव्हता. रडलो. भर रस्त्यात, कठडा धरून, म्हाताऱ्या माणसाने रडावं तसा.

अस्थिघरात फळीवर नेमकी आईशेजारची जागा रिकामी. तिथेही त्यालाच. पेटी ठेवली, आईच्या पेटीवरची धूळ बाहीने पुसली आणि म्हटलं, आणलाय गं.

परतताना मिर्सिनी पायऱ्यांच्या तळाशी थांबली होती. पट तिच्या काखेत. म्हणाली, "हा मी नेते. माझं टेबल खडूने खराब झालंय." मी म्हटलं, पट हरणाऱ्याकडे राहतो, तसा नियम आहे. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली इग्नाती, तूच एकटा हरलास असं वाटतंय का तुला?"



"बुधवारी ये," म्हणाली. मी म्हणणार होतो, तयारी झाली की येतो. म्हटलं, येतो.

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कॉफी केली. दोन कप. दोन्ही मीच प्यायलो. गोड कॉफी इतकी वाईट नसते.

कपाटावर पटाच्या आकाराची चौकट राहिली आहे, बाकी सगळीकडे धूळ. पुसली नाही.

बुधवारी मिर्सिनीकडे जायचं. मला हरवणं तिला सोपं जाणार नाही.

दुपारी पडून राहिलो. गाव झोपलं. खूप वेळ कान देऊन ऐकत होतो. काही वाजलं नाही.

उंदीर गेले असावेत.

परत आले तर बरं होईल.